येळवशीचं वंगण

सेलू,
पौष वद्य एकादशी, १९५८

प्रिय मनकर्णा,

तुला तुझ्या आबाचा आशीर्वाद. आम्ही इथं खुशाल आहोत असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं, बाकी खुशाली कसली. तुझी माय दोन घास खाऊन ताट सरकवते. मी जेवतो, पण काय जेवलो ते हात धुताना आठवत नाही. जिनिंगच्या इंजिनावर माझा आवाज इतका चढायलाय की परवा मालक स्वतः येऊन विचारून गेले, सटवाजी, तब्येत बरी आहे ना म्हणून. तब्येतीला काय धाड भरलीय. शब्द तोंडापर्यंत यावेत आणि गिळावे लागावेत, एवढाच आजार आहे. हे पत्र टपालात टाकत नाही. आपल्या गल्लीतली तानुबाई माहेराला, तुमच्या ताडकळसला निघाली आहे, तिच्या हाती देतो. तू एकटी असताना वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल.

तुझ्या सासूबाईंचा, धुरपताबाईंचा निरोप पोचला. कापूस घेऊन आलेल्या गाडीवानाच्या तोंडी धाडला त्यांनी, म्हणजे आमच्याआधी अर्ध्या मोंढ्यानं ऐकला. "पोरीला चार महिने माहेरी नेऊन ठेवा, पाय बदलू द्या. अन् ती फटफटीबी घेऊन जा." संक्रांतीला तुला वाण द्यायलाही देवळात नेलं नाही, तेही कळलं. पहिली संक्रांत आणि सून घरात कोंडलेली. तुझी माय ते ऐकून भिंतीकडं तोंड करून निजली. मी इंजिनावर जाऊन बसलो, कारण घरात बसलो असतो तर भांडी फुटली असती. पायगुण म्हणे. माझ्या पोरीचा पाय काळा, आणि तो वंगणासारखा चाकाला लागला, असंच ना त्यांचं म्हणणं?

येळवशीला, अमावास्येला शेतात पांडव पुजायला जाताना, काय झालं ते तुला मी काय सांगू, तू मागं बसली होतीस. पण माझ्यापर्यंत हकीकत कशी आली ते ऐक. घरची मंडळी गाडीतून शेतात निघाली. जावईबापूंना गाडीच्या मागं रमतगमत जायची लाज वाटली. फटफटी काढली, तुला मागं बसवलं, आंबिलीचं बिंदगं तुझ्या मांडीवर दिलं आणि निघाले पुढं. ओढ्याच्या उतारावर समोर कुणाची तरी बैलगाडी. ब्रेक दाबला, फटफटी थांबेना. बैलांवर जाण्यापेक्षा बरी म्हणून बाभळीच्या काटीत घातली. त्यांचा उजवा हात मोडला, तुझे गुडघे फुटले आणि आंबील सगळी मातीत. पांडवांपुढं आंबील ठेवायच्या आधी सुनेच्या मांडीवरून सांडली. मग काय, धुरपताबाईंना दुसरं कारण शोधायची गरजच उरली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपल्याकडं उगीच नाही.

मला संताप येतो तो याचा, की हे सगळं अंगणातच कळलं असतं. किती वेळा सांगितलं मी? लग्नात जावईबापू रुसून बसले तेव्हाच सांगितलं. आठवतं ना, पंगत वाढलेली, भात गार व्हायला लागला आणि नवरदेव ताटाला हात लावीना. कुणी घड्याळ म्हणालं, कुणी सायकल म्हणालं. हा पठ्ठ्या मान हलवतोय, नजर माझ्या फटफटीवर. पोलीस ॲक्शननंतरच्या लिलावात ती भंगार म्हणून घेतली होती मी. जिनिंग बंद असलं की पुर्जा पुर्जा जोडत बसायचो, आणि पाने तू द्यायचीस. दिली. देवी टोचायला गावोगाव हिंडणारा माणूस आहे, त्याच्या उपयोगी पडेल म्हणून खुशीनं दिली. पण देताना ओसरीवर बसवून तासभर बोललो. म्हटलं, वैजीनाथराव, बैल जुंपायच्या आधी आपण त्याचे खूर बघतो, खांदा बघतो. ही तर मुकी आहे, हिचं कोण बघणार. आधी दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून हवा बघा. साखळी बोटानं उचलून बघा, बोटभर हलली पाहिजे, त्याहून ढिली नको आणि ताणलेलीही नको. क्लचची तार कुठं उसवली आहे का बघा. पेट्रोलची तोटी उघडा, खाली थेंब पडतो का बघा. आणि सगळ्यात शेवटी दोन पावलं हातानं ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा, मग मागचा. चाक अडलं तर किक मारा. नाही अडलं तर पायी जा, बैलगाडीनं जा, पण हिच्यावर बसू नका. पान खाण्याएवढाही वेळ लागत नाही याला.

ऐकलं का? हो हो म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. ब्रेकची मूठ त्यांच्या बोटांना लांब पडत होती, ती मी त्यांचा हात धरून, माप घेऊन जवळ आणून दिली. सीटची कमान खाली घेतली, कारण बसल्यावर दोन्ही चवडे जमिनीला टेकत नव्हते, आणि ज्याचे पाय टेकत नाहीत त्याची फटफटी उभ्या उभ्या आडवी होते. म्हटलं धोतर नेसून बसू नका, सोगा साखळीत जातो. तर दिवाळीला आले ते धोतरावरच, आणि अर्धा सोगा काळा. वर हसून मला म्हणतात, मामा, तुमी लय भेता. मी भितो. पट्ट्यात हात गेलेली माणसं बघितलीत मी या जिनिंगमध्ये, म्हणून भितो. पण जावयाला उलट बोलायची सोय कुठं आहे. मुलीचा बाप म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दसऱ्याला मात्र काही कमी पडू दिलं नाही त्यांनी. फटफटीला झेंडूचा हार, हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू, पुढं नारळ. मीही हात जोडतो, माझं इंजिनही मी पुजतो. पण पुजल्यावर त्याचे नटही आवळतो. देवानं डोळे दिलेत ते काय नुसते नारळ फुटताना मिटायला?

आता जे तोंडी सांगता आलं नाही ते लिहितो. जावईबापूंचा हात बांधून आणल्यावर मी तुमच्याकडं आलो, तेव्हा दुपारी गोठ्यात जाऊन मागचं चाक खोललं. मला हवा होता तो कसूर. तार तुटली असेल, खिळी निघाली असेल, काहीतरी माझ्या हातात येईल आणि मी विहीणबाईंच्या पुढ्यात ते ठेवून म्हणेन, हे बघा, हा पायगुण. मनाशी भाषणच तयार केलं होतं. चाकाच्या मधला डबा उघडला आणि आतून एरंडेलाचा वास आला. दोन्ही पट्ट्या काळ्याभोर. एरंडेलात काजळी कालवलेलं बैलगाडीचं वंगण, बोटभर थर. अगं, ब्रेकच्या पट्ट्या म्हणजे कोरड्या हातानं दोर धरल्यासारखं काम, आणि तिथं कुणी तेल ओतलेलं.  जगात कुठल्या वेड्यानं ब्रेकला वंगण घातलं असेल?

तेवढ्यात तुझे सासरे आले. आश्रुबा माझ्याजवळ उकिडवे बसले, चाकावरून हात फिरवला. म्हणाले, "पाव्हणं, कुरकुर करायली व्हती बगा ही. वैजू म्हणला चाक वरडायलंय. म्या म्हणलं, उद्या येळवस, घरातलं एकबी चाक कोरडं ऱ्हाऊ नये. गाडीचा आख वंगणला अन् वंगणाचा नळा हिच्याबी दोन्ही चाकांत पालथा केला, चांगला निथळू दिला. तरीबी देवानं असं केलं." आणि डोळे पुसले.

 त्या माणसानं आयुष्यभर ओरडणाऱ्या चाकाला वंगण घातलं. त्याच्या बापानं घातलं. गाडीचं चाक ओरडलं की ते तहानलेलं असतं, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं शहाणपण. फटफटीचा ब्रेक धुळीनं ओरडतो आणि तो ओरडतोय तोवर धरतोही, हे त्यांना कोण सांगणार होतं. मीच सांगायला हवं होतं म्हणशील, पण मी गाडी जावयाला शिकवली, व्याह्यांना नाही, आणि असं काही कुणी करेल हे माझ्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं. नवसानं झालेला एकुलता एक पोरगा. त्याच्या जिवावर आपल्याच हातानं उठलो हे त्यांना कळलं, तर तो म्हातारा अंथरूण धरेल. मी पट्ट्या चिंधीनं वरवर पुसल्या, चाक बसवलं, आणि म्हटलं, व्याही, आता हिला कुणी हात लावू नका, ब्रेक बघावा लागेल. आलो घरी. स्टेशनपर्यंत दात आवळून होतो.

तेव्हा वाटलं होतं, दोन दिवस बोलतील आणि विसरतील. माणसं वाईट नाहीत, हात मोडला म्हणून चिडलीत. पण आता निरोप आला, आणि आता मला गप्प बसवत नाही. तुझी माय म्हणते, जाऊन सरळ सांगा, तुमच्याच म्हाताऱ्यानं केलं. मीही निघालोच होतो. टोपी डोक्यावर घातली, बाहेर पडलो आणि वेशीपासून परत आलो.

का परत आलो ते तुला ठाऊक आहे. मनकर्णे, मी त्या दुपारी पुढचं चाकही खोललं होतं.

आश्रुबांनी दोन्ही चाकांत वंगण सोडलं होतं, ते त्यांनीच सांगितलं. मग पुढचं कोरडं कसं? नुसतं कोरडं नाही, पेट्रोलनं धुतलेलं, पट्ट्या काचेच्या तुकड्यानं खरवडलेल्या. आखाची खिळी बसवलेली, तिचं एक टोक वर दुमडलेलं आणि एक खाली. ताडकळसात फटफटीचं चाक खोलून परत जाग्यावर बसवणारं दुसरं कोण आहे? आणि खिळी अशी दुमडायची सवय या जिल्ह्यात दोनच माणसांना असेल, त्यातला एक मी. डब्यातल्या स्प्रिंगला हिरव्या लुगड्याचा धागा अडकलेला. सगळे जावईबापूंना घेऊन हाडवैद्याकडं गेले तेव्हा तू फुटलेल्या गुडघ्यांनी गोठ्यात बसलीस, नाही का? मागच्या चाकाची साखळी काढावी लागते, तेवढा वेळ मिळाला नाही, म्हणून ते राहिलं.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं, आणि आश्रुबांचं वंगण कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तू ते धुतलंस. सासू पायगुण म्हणत होती, शेजारणी तोंड फिरवत होत्या, नवरा खाटेवर पडून गप्प होता, आणि तू जाणूनबुजून ऐकून घेत होतीस. खरं सांगू, मला धुरपताबाईंचा राग आला त्याच्या दुप्पट तुझा आला. असा राग आला की तू समोर असतीस तर दोन शब्द जास्तच बोललो असतो. मी तुला चौथीपर्यंत शिकवली, पाना धरायला शिकवली, ती काय दुसऱ्याच्या चुकीवर आपलं नाव घालायला? पण मग आश्रुबांचं आठवतं. हळद उतरायच्या आधी ते मला म्हणाले होते, "पाव्हणं, मला लेक नव्हती, ती मिळाली." तुला ते माय म्हणून हाक मारतात, घरात तुझ्याशी हसून बोलणारं तेवढं एकच तोंड आहे, हे तू दिवाळीला सांगितलंस. राग जात नाही, पण तुझं चुकलं असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. याचाच मला जास्त वैताग आहे. धरावं तर चावतं, सोडावं तर पळतं.

म्हणून आता पुढचं ऐक, आणि या वेळी ऐकच. जावईबापूंचा हात बरा झाला की ते पुन्हा फटफटी काढणार, ते काही थांबत नाहीत. ते बघणार नाहीत, तेव्हा तू बघ. सकाळी सडा टाकून झाला की टायर दाब, साखळी उचल, तोटी बघ, आणि दोन पावलं ढकलून ब्रेक दाब. कुणी हसलं तर हसू दे. मागं बसताना पदर कमरेला घट्ट खोच, चाकाच्या तारांत गेला तर गळ्यापर्यंत येतो. मांडीवर भांडं घेऊन पुन्हा बसू नकोस, सासू काहीही म्हणो. आणि आश्रुबांना वंगण घालायचं सुख पाहिजेच आहे, ते हिरावून घेऊ नकोस. त्यांना साखळी नेमून दे. म्हण, मामंजी, हिची साखळी लय तहानेली असते, दर आठ दिवसांनी तुमच्या हातानं थेंब थेंब तेल सोडा, चाक माझ्याकडं. साखळीला खरंच तेल लागतं, त्यामुळं खोटंही होत नाही, आणि त्यांचा मानही राहतो.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. येत्या बाजाराच्या दिवशी मी ताडकळसला येतोय. तुला न्यायला नाही. तुझ्या मायेला तसं सांगून ठेवलंय, ती रडली. गाव बाजारात गोळा झालेलं असेल, तुमच्या दारातून जाणारी येणारी माणसं थांबतील, तेव्हा मी फटफटी मधोमध उभी करून मागचं चाक सगळ्यांसमोर खोलणार. वंगण आत आहेच, पण ते मी कुणाच्या नजरेला पडू देणार नाही, पट्ट्या माझ्याच हातानं काढून फडक्यात गुंडाळीन. आणि विहीणबाईंना हात जोडून म्हणेन, कसूर माझा आहे. नव्या पट्ट्या टाकायच्या सोडून मी जिनिंगच्या पट्ट्याचा जुना तुकडा कापून ठोकला होता, कंजूसपणा केला, तो सटकला आणि तुमच्या पोराचा हात मोडला. पोरीचा पाय नाही, बापाचा हात वाईट. मग नव्या पट्ट्या तिथंच बसवीन. आधीच्या पट्ट्याही नव्याच होत्या, तांब्याच्या रिबिटा तूच एकेक हातात दिल्या होत्यास, हे तुला आणि मलाच ठाऊक. ताडकळसचा कापूस सेलूला येतो, तेव्हा आठवड्याभरात इथं जिनिंगमध्ये सगळे म्हणतील, सटवाजीनं जावयाला सडका ब्रेक लावून दिला. या हातावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, म्हणून त्याची मला आत्तापासून आग होतेय. तरी मी येणार. तुझा स्वभाव मला माहीत आहे, मला खाली मान घालून उभं बघशील तर तुझ्यानं राहवणार नाही, तू दारातून पुढं येशील आणि आबा खोटं बोलतायत म्हणून टाकशील. मग आश्रुबा विचारतील, खरं काय, आणि तू इतके दिवस सोसलंस ते सगळं फुकट जाईल. म्हणून हात जोडून सांगतो, पोरी, त्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात मान ताठ ठेवून उभी राहा, आणि माझ्या बाजूनं एक शब्दही बोलू नकोस.

तुझाच,
आबा